मीठ टाकून पुरलेली पट्टी

त्या सकाळी मी देव घासायला काढले होते. परातीत चिंच कोळून ठेवली होती. घंटी, समई आणि बाळकृष्ण लख्ख करून पाटावर मांडले होते. अन्नपूर्णेला नुकती चिंच लावली होती, आणि नरसिंहाचा टाक तर तसाच काळा पडून होता. तेवढ्यात मागच्या दारानं गोकुळ आत आला. स्वयंपाकघरात चप्पल घालून आलोय याचंसुद्धा त्याला भान नव्हतं.

"काकी, चल लौकर. आईनं हात सोलला."

मला आधी कळेचना. ऊस सोलतात, वांग्याचं देठ सोलतात. माणूस आपला हात कसा सोलेल? पण त्याचं तोंड पाहिलं आणि उठले. हाताची चिंचसुद्धा धुतली नाही.

आमची दोन्ही घरं निरवांगीच्या वस्तीवर एकाच अंगणात आहेत, मधे फक्त गोठा. गोठ्याला वळसा घालून गेले तर जयवंताआक्का मोरीत पाटावर बसली होती. पुढ्यात लिंबाचा पाला घातलेली कोमट पाण्याची बादली. उजवा हात त्या पाण्यातून काढून तिनं मांडीवर ठेवला होता, आणि डाव्या हातात ओल्या कागदासारखं काहीतरी लोंबत होतं. दाराशी तिची सून सुप्रिया तोंडात पदर कोंबून उभी. आक्काच्या चेहऱ्यावर रडू नव्हतं की राग नव्हता. पाहुणे गेल्यावर बाई जरा टेकते ना, तशी ती बसली होती.

मला म्हणाली, "सरू, निघाली बग. आता माझ्या गळ्यात माळ घाल."

हे काय झालं ते कळायला आक्का कोण ते सांगायला हवं.

आक्का माझी थोरली जाऊ. माहेर अंथुर्ण्याचं. वडील पक्के माळकरी, त्यामुळं तुळशीची माळ तिच्या गळ्यात लग्नाआधीपासून होती. आमच्या सासरी त्या वेळी आयतवारी मटण शिजायचं. नव्या नवरीनं सासऱ्यांना सांगितलं, "मामा, तुमचं तुमी खावा. माझं एक भांडं तेवढं निराळं ठिवा." सासरे म्हणाले, बघू किती दिस टिकतंय. टिकलं तिचंच. तिनं कधी कुणाला उपदेश केला नाही. पण तिच्या हातची भाकरी अशी की बरोबर कोरड्यास काय आहे ते माणूस विसरायचा. पुढं सासऱ्यांनीच माळ घातली, आणि त्यांच्या मागं सगळ्या घरानं.

भाकरी हेच आक्काचं नाव होतं म्हणा ना. सप्ताहात मंडपामागं चुली मांडतात, त्यातली मधली चूल तिची. दोन तळव्यांच्या मधे पीठ फिरायला लागलं की बघत राहावं. नव्या सुनांना म्हणायची, "भाकरीला मारू नगासा गं, तिनं काय केलंय तुमचं? तिला वाढवायची असती." तोंडाची फटकळ. मी रोजच्या दोन ओळी वहीत लिहिते म्हणून मला म्हणायची, "चित्रगुप्त आली बगा."

यंदाच्या मारुतीच्या सप्ताहात, काल्याच्या दिवशी, आमटीची कढई चुलीवरून उतरवायची होती. गडीमाणसं पंगतीत अडकलेली. आक्कानं पिठाचा हात पदराला पुसला आणि एका बाजूची कडी धरली. पलीकडच्या माणसाचा पाय सरपणावर पडला, कढई कलली, आणि उकळती आमटी तिच्या उजव्या हातावर आली. बोटांपासून कोपराच्या वरपर्यंत. तिनं कडी सोडली नाही. जवळच पोरांची पंगत बसली होती. कढई जमिनीला टेकल्यावर मग तिनं हात सोडला आणि खाली बसली. मंडपात त्या वेळी गजर टिपेला होता. तिचे मालक, आमचे कुंडलिकदादा, पखवाज वाजवत होते. त्यांना गजर संपल्यावर कळलं.

कुणी म्हणालं टूथपेस्ट लावा, कुणी म्हणालं शाई लावा, वस्तीवरची धोंडाबाई कोरफड मोडून घेऊन आली. गोकुळनं कुणाचं ऐकलं नाही. आईला गाडीत घातलं आणि बारामती गाठली. मी बरोबर होते.

तिथं एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी सुटलेली कातडी काढली, हात धुतला. आक्का ओठ चावून "पांडुरंग, पांडुरंग" करत होती. मग त्यांनी एका पाकिटातून पातळ पांढरट पट्टी काढली. केळीचं सोपट सोललं की आत एक ओला पापुद्रा असतो, तशी. ती खळबळून धुतली, हातावर पसरली, आणि खालची हवा बोटानं सारत कडेला काढली. पट्टी हाताला अशी चिकटली की कुठं संपते ते दिसेना.

"मावशी, ही तात्पुरती कातडी समजा," त्या म्हणाल्या. "हिच्या आडोशाला तुमची नवी कातडी येईल. ती आली की ही वाळून आपोआप सुटेल. कडा उचलल्या तर कात्रीनं कापायच्या. ओढायची नाही, भिजवायची नाही. एवढं सांभाळलंत तर हात पहिल्यासारखा होईल."

"भाकरी येईल का थापाया?"

"येईल की."

आक्कानं डोळे मिटले. थोड्या वेळानं मला म्हणाली, "आग गेली गं, सरू. कुणी तरी थंड हात ठिवल्यागत वाटतंय."

घरी आल्यावर सगळं बरं चाललं होतं. पट्टी सुकली, घट्ट बसली. आक्का ओसरीवर खाटेवर हात उशीवर ठेवून बसायची आणि सुप्रियाला बसल्या जागेवरून हुकूम सोडायची. भेटायला माणसं येतच होती. आमच्याकडं आजाऱ्याला भेटायला गेलं नाही तर सोयरीक तुटते, त्यामुळं बरं वाटणाऱ्यालासुद्धा बसून राहावं लागतं.

अशातच लासुर्ण्याहून संभाजीआबा आले. दादांचे जुने सोबती. कुठंही गेले तरी चार माणसं हसवल्याशिवाय उठत नाहीत.

"काय जयवंताबाई, आमटी तोंडानं खायाची का हातानं?"

"तुमच्यासाठी राखून ठिवली हुती, आबा. तुमीच आला न्हाय येळंला."

सगळे हसले. चहा आला. आबांनी बशी तोंडाला लावली आणि हाताकडं निरखून बघितलं. "ही पट्टी मला ठावं हाय. आमच्या कळंबच्या व्याह्याला पायाला साखरंची जखम झाली हुती, त्याला बी हीच लावली. जनावराच्या कातड्यापासनं करत्यात."

"कसल्या जनावराच्या?" आक्कानं विचारलं.

"गाई-बैलाच्या. दुसरं कसल्या? ते काय कुलाजन का काय म्हणत्यात." आबांना रंग चढला. "बगा बरं! जलमभर मटणाच्या वासाला पदर नाकाला लावला, आन् आता गाय पांघरून बसला व्हय!"

ओसरीवर हशा पिकला. धोंडाबाई म्हणाली, "आता गं बया!" कुणी म्हणालं, गाय कापायला तर बंदी हाय, मग हे आणत्यात कुठनं? कुणी म्हणालं, बाहेरदेशातनं येत असंल. आबांच्या मनात वाईट काही नव्हतं. चहा संपवून, दादांच्या पाठीवर थाप मारून ते गेलेसुद्धा. आक्का हसली नव्हती. ती हाताकडं बघत होती.

संध्याकाळी गोकुळ मळ्यातून आला. आक्कानं त्याला समोर बसवलं.

"ही पट्टी कशाची हाय रं?"

गोकुळनं सुप्रियाकडं बघितलं. तिनं त्याला आधीच फोनवर सगळं सांगितलं होतं, आणि त्यानंही दवाखान्यात फोन करून विचारलं होतं. तो म्हणाला, "प्लास्टिकची हाय, आई. आबा काय बी बोलत्यात."

"प्लास्टिकची?"

"व्हय."

"मग माळंला हात लावून सांग."

आक्कानं मान पुढं केली. गोकुळचा हात माळेपर्यंत गेला, आणि तिथंच थांबला. थोडा वेळ तो हात तसाच हवेत होता. मग त्यानं तो मागं घेतला आणि खाली बघत म्हणाला, "आई, त्यात आता कातडं काय उरल्यालं नसतंय. लई धुवून, साफ करून..."

"बास," आक्का म्हणाली.

तिनं सुप्रियाला माळ काढायला सांगितलं. पोरगी म्हणाली, "आत्या, माझ्यानं न्हाय व्हायचं." तेव्हा आक्कानं डाव्या हातानं स्वतःच माळ डोक्यावरून ओढली. मण्यांत केस अडकले होते ते तुटून आले. माळ देव्हाऱ्यात ठेवायला लावली आणि खाटेवर भिंतीकडं तोंड करून निजली.

माळ नसलेल्यांना हे समजणार नाही. आमच्यात माळ म्हणजे दागिना नव्हे. माळ तुटली तर ती ओवून पुन्हा गळ्यात पडेस्तोवर माणूस पाण्याचा घोटसुद्धा घेत नाही. आणि अंगावर गाईचं कातडं असताना माळ घालायची नाही, हे आक्कानं आपल्या मनाशी ठरवलं होतं. म्हणजे पट्टी आहे तोवर माळ नाही. आणि माळ नाही तोवर अन्न नाही, पाणी नाही. पट्टी तर अजून कितीतरी दिवस सुटायची नव्हती.

उन्हाळा पेटलेला. भाजलेल्या माणसाला पाणी जास्त लागतं, असं डॉक्टरीणबाईंनी बजावून सांगितलं होतं. मी चमचा ओठाशी नेला तर तिनं दात घट्ट मिटले. तिनं खाट हलवायला लावली. म्हणाली, "गोठ्याकडं तोंड करून बसवत न्हाय." आमच्या गोठ्यात तिची पाळलेली गाय आहे, आणि आक्काचा आवाज आला की ती हंबरते. त्या दिवसांत तर सारखीच हंबरत होती, कारण धारेला सुप्रिया बसायची.

दुसऱ्या दिवशी दादांनी बुवांना फोन लावला. सप्ताहाला येतात तेच बुवा, दादांच्या सासऱ्यांचे गुरुबंधू. त्यांनी स्पीकरवर सांगितलं, "औषधाला दोष लागत नाही, माउली. माळ घाला आणि दोन घास खा."

आक्का म्हणाली, "बुवांचं खरं आसंल. त्यांच्या अंगाला न्हाय लागल्यालं."

मग दादा बोलले. दादा फार बोलणारे नव्हेत. खाटेच्या कडेला बसून म्हणाले, "जयवंता, माझा पखवाज कशाचा हाय? कातड्याचाच हाय न्हवं? मी जलमभर देवापुढं कातडं बडवलं. देवानं कधी कान झाकलं न्हाईत."

मला वाटलं, आता ही ऐकणार. याच्यापुढं कुणी काय बोलणार?

आक्का हळू म्हणाली, "तुमी ते मांडीवर घेता आन् उठताना बाजूला ठिवता. मला ह्ये बाजूला ठिवता येत न्हाय."

दादा उठून गोठ्यात गेले. कडबा टाकायची वेळ नव्हती, तरी कडबा टाकत राहिले.

त्यानंतर उजाडलं ते मी देव घासायला घेतले ती सकाळ. दादा पाणी सोडायला गेले होते, गोकुळ दूध घालायला, सुप्रिया धुण्याला. आक्का भिंतीला धरत मोरीत गेली. पाणी तापवलेलं होतंच. तिनं लिंबाचा पाला घातला, हात बुडवला, आणि पट्टी मऊ पडल्यावर कडेनं उचलायला लागली. कडेची सहज सुटली. मनगटाखाली आणि बोटांच्या बेचक्यात ती घट्ट बसली होती, तिथं खालचं कोवळं सगळं घेऊन आली. कोपराजवळ हात पोचेना, तिथला एक तुकडा तेवढा राहिला.

मी मोरीच्या दारात उभी होते आणि ती माळ मागत होती. मी आणली. दुसरं काय करणार होते? तिच्या गळ्यात घातली. तिनं तांब्या उचलला. पाणी पिताना तिच्या घशाचा आवाज आम्हां तिघांनाही ऐकू येत होता.

मग तिनं तो पापुद्रा जुन्या धोतराच्या फडक्यात बांधला आणि गोकुळपुढं धरला. "बांधाला खड्डा काढ. मीठ टाकून पूर."

"आई, अगं कचऱ्यात..."

"गाय कचऱ्यात टाकत्यात व्हय रं?"

आमच्याकडं गोठ्यातलं जनावर गेलं की असंच करतात. बांधाला खोल खड्डा, तळाला मीठ, वर मीठ. गोकुळनं कुदळ घेतली. सुप्रियानं डब्यातलं मीठ ओंजळीनं आणून दिलं. तळहातावर मावेल एवढ्या गाठोड्यासाठी त्यानं गुडघाभर खड्डा काढला. वर दगड ठेवून तो तिथंच बांधावर बसला आणि रडला. मी लांबून पाहिलं, जवळ गेले नाही.

बारामतीला चल म्हटलं तर आक्का म्हणाली, "आज दोन घास खाऊ दे, उद्या जाऊ." तेव्हा हात लाल होता पण स्वच्छ दिसत होता. धोंडाबाईनं गावठी तुपात भिजवलेलं फडकं बांधून दिलं. त्या रात्री आक्का पोटभर जेवली. उद्याचा परवा झाला. नंतर ताप चढला. फडकं सोडलं तर हिरवट पू, आणि एक गोडसर वास, सडक्या फळांच्या ढिगाजवळ येतो तसा. बोटं हळकुंडासारखी सुजलेली. गाडीत तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं, आणि ती कुणाला तरी सांगत होती की पीठ सैल झालंय.

डॉक्टरीणबाईंनी हात बघितला आणि त्यांचा आवाज चढला. "पट्टी कुणी काढली?"

"म्या काढली," आक्का म्हणाली.

"का? मी सांगितलं होतं ना?"

गोकुळनं मान खाली घालून सगळं सांगितलं. माळ, उपास, मीठ. त्या ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "मला एकदा सांगायचं होतं हो, मावशी."

आक्कानं डोळे उघडले. "तुमी एकदा इचारायचं हुतं, बाई."

डॉक्टरीणबाईंनी हातमोजे काढले, आणि दुसरे घातले. "हो," त्या म्हणाल्या. "विचारायला हवं होतं. तुमच्या गळ्यात माळ दिसत होती मला. माशाच्या खवल्यांपासून केलेली पण पट्टी मिळते. ती लावली असती."

"माशाची?" एवढ्या तापातही आक्काचं तोंड जरा वाकडं झालं. "म्हंजी गाईच्या जागी भिगवणचा माशांचा बाजार भरवला असता व्हय माझ्या हातावर? मासा काय येलीला लागतो?"

त्या दवाखान्यात आम्ही बरेच दिवस राहिलो. सलाईनमधून औषधं जात. रोज हात धुवायचे, तेव्हा मला बाहेर काढत, पण दार सगळा आवाज अडवत नाही. डॉक्टरांनी दादांना बाजूला घेऊन सांगितलं की पू पसरत राहिला तर मनगटातून हात काढावा लागेल. दादा माझ्याजवळ येऊन बसले आणि म्हणाले, "सरू, तिला सांगू नगं." मी सांगितलं नाही. मी जप करत राहिले. पण माळेचे मणी ओढताना मला मोरीतला तिचा डावा हात दिसायचा. देवा, तुला काय चालतं आणि काय चालत नाही, ते तू माणसाला सरळ का सांगत नाहीस, असं एकदा मनात आलं. लगेच तोंडात मारून घेतलं.

हात राहिला. पू हटला. पण मागच्या बाजूला, बोटांच्या बेचक्यात, कातडी म्हणून नव्हतीच. उघडं मांस. आणि तेव्हाच ते झालं. त्या दिवशी हात धुताना नर्सबाईंनी मला थांबू दिलं, आक्काचं डोकं धरायला. कोपराजवळ पट्टीचा तो एक तुकडा राहिला होता ना, जिथं तिचा हात पोचला नव्हता, तो वाळून कागदासारखा झाला होता. पाण्याची धार लागली आणि तो आपोआप सुटून ट्रेमध्ये पडला. खाली तान्ह्या पोराच्या तळपायासारखी कातडी होती. गुलाबी, अखंड. पाणी लागलं तरी आक्का कण्हली नाही.

तिनं मान वळवून तिकडं बघितलं. खाली मनगटाकडं बघितलं. पुन्हा वर बघितलं. नर्सबाई तो तुकडा टाकायला निघाल्या तेव्हा ती फक्त ट्रेकडं बघत राहिली.

पुढच्या दिवशी डॉक्टरीणबाई खुर्ची ओढून खाटेजवळ बसल्या. "मावशी, आता तुमच्याच मांडीची पातळ कातडी काढून हाताला लावायची आहे."

"माझीच माझ्याला?"

"तुमचीच. पण मांडीवर जिथून काढू तिथं जखम होईल, आणि तीसुद्धा झाकावी लागेल. या वेळी विचारते आहे. व्हॅसलिनची साधी जाळी लावता येते, तिच्यात जनावराचं काही नाही. ती दुखते जास्त. माशाची मागवता येईल. नाहीतर पहिल्या वेळची. हात वाचणं यावर अवलंबून नाही, हा प्रश्न फक्त मांडीचा आणि दुखण्याचा आहे. तुम्ही सांगाल ती लावू."

दादा पटकन म्हणाले, "जाळीच लावा, बाई. तीच बरी."

"तुमी गप ऱ्हावा जरा," आक्का म्हणाली. पुढचंही ती डॉक्टरीणबाईंशी नाही, दादांशीच बोलली. "ती आपणहून आली हुती झाकाया. मी तिला वरबाडून काढली आन् मीठ घालून पुरली. जेवढी ऱ्हायली तेवढ्यानं बी माझं भलंच केलं. आता परत दारात आली तर दार लावून घिऊ व्हय?" आणि डॉक्टरीणबाईंना म्हणाली, "गाईचीच लावा."

"आन् माळ?" दादांनी विचारलं.

"माळ गळ्यात ऱ्हाईल. आता कुणाला फोन करू नगा."

ऑपरेशनला नेताना नर्सनं माळ काढायला लावली, ती दादांच्या हातात दिली. शुद्धीवर आल्यावर तिनं पहिलं काय केलं तर डाव्या हातानं मांडी चाचपली, पट्टी आहे का बघितली. मग माळ मागितली, घातली, आणि पाणी प्यायली.

मी हे लिहिते आहे पण मला यातलं पाप-पुण्य सांगता येत नाही. कुणी म्हणतं, आधीच ऐकलं असतं तर एवढं झालं नसतं. कुणी माघारी म्हणतं, माळकरीण बाटली. संभाजीआबा एकदा येऊन गेले. अंगणातच उभे राहिले, आत येईनात. आक्काच ओसरीवरून म्हणाली, "या की आबा. आज गंमत न्हाय व्हय आणली?" आबा आपल्या चपलांकडं बघत होते. बसले, चहा घेतला, आणि एक शब्द न बोलता गेले. तसं त्यांना कुणी कधी पाहिलं नव्हतं.

मांडीवरची पट्टी सांगितल्याप्रमाणं वाळून सुटली. कडा उचलल्या तशा सुप्रियानं कात्रीनं कापल्या, ओढलं कुणी नाही. हाताला लावलेली कातडीही धरली. पण पू झाला तेव्हा बेचक्यातलं जे आत खाल्लं गेलं ते गेलंच. करंगळी आणि शेजारचं बोट हळूहळू तळव्याकडं वाकत गेलं. ती रोज कोमट पाण्यात हात धरून बोटं उलगडते, मी तिच्यापुढं बसून मोजते, ती दात खाते. बोटं पुन्हा मिटतात. त्या जाड झालेल्या कातडीला रात्रंदिवस खाज सुटते, आणि खाजवायचं नाही.

परवा घरात कुणी नाही असं बघून तिनं परात घेतली. मी मीठ मागायला गेले होते, दारातच थांबले. तिनं पीठ मळलं, उंडा केला, थापायला लागली. वाकडी बोटं भाकरीत रुतत होती. एकीकडं जाड, एकीकडं पातळ, मग मधे चीर गेली. तिनं ती मोडून पुन्हा उंडा केला. पुन्हा थापली. तिसऱ्या वेळी तिनं पीठ परातीत तसंच सोडलं आणि हात धुतले. मला बघून म्हणाली, "ज्वारी जुनी झाली वाटतं. पिठाला चिकीच न्हाय."

ज्वारी नवीच होती. त्याच पोत्यातली आम्हीही खातोय. मी म्हटलं, "व्हय आक्का, जुनीच हाय." आणि पुढं बसून त्या पिठाच्या भाकरी थापल्या. ती भाजत होती, मी थापत होते. तिनं माझ्या एकाही भाकरीला नाव ठेवलं नाही. तेच मला सोसेना.

डॉक्टरीणबाई म्हणतात की व्यायामानं आता एवढंच. बोटं सोडवायची तर पुन्हा चिरून, पुन्हा मांडीची कातडी लावावी लागेल, आणि तरीही भाकरीचं काही सांगता येणार नाही. गोकुळ म्हणतो, नको आता. आक्कानं काल रात्री जेवताना डाव्या हातानं घास मोडला आणि ताटाकडं बघतच सांगितलं, सोमवारी सकाळच्या एसटीनं ती बारामतीला जाणार आहे, ऑपरेशनची तारीख घ्यायला.